मधेच येणारी आणि मधेच जाणारी पोरं : त्यांना वर्ग आपला कसा वाटेल?

खडूफळा | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर समजून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात, साखर कारखान्याजवळच्या एका झेडपी शाळेत चौथीला शिकवते. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत गाळप सुरू झालेलं असतं आणि कारखान्यामागच्या माळावर कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, उभ्या राहिलेल्या असतात. बीड, पाथर्डी, जालना अशा बाजूची ऊसतोडीची माणसं येतात आणि त्यांच्यामागं पोरं. माझा पट २३ चा, त्यात यंदा नोव्हेंबरात ७ जण आले. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जाणार.

गेल्या सोमवारी मी हजेरी घेतली, २३ नावं झाली, मग नवीन पोरांचा कागद उघडला. त्यांची नावं ऑनलाइन त्यांच्या गावच्या शाळेत आहेत म्हणून मी ती एका सुट्या कागदावर लिहून ठेवलीयत. तर त्यातली एक पोरगी, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमचं नाव वहीत कधी येनार?" मला उत्तरच सुचेना. "बघू" म्हणाले आणि पुढं गेले. घरी आल्यावरही तेच डोक्यात.

दुसऱ्या दिवसापासून नीट बघायला लागले. त्या सातजणांची बसायची जागा दाराजवळ, चपला सोडतात तिथं. मी त्यांना तिथं बसवलं नव्हतं, पण तिथून उठवलंही नव्हतं. खिचडीच्या वेळी ताटं घेऊन भिंतीकडं तोंड. मधल्या सुट्टीत आमची पोरं त्यांना "ए कोयता" अशी हाक मारतात आणि ती ओ देतात. हे मी इतके दिवस ऐकत होते आणि ऐकत नव्हते.

त्या पोरीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. आईबाप पहाटे तीनला फडात. भाऊ रडायला लागला की ती उठते, बाहेर जाते, आणि त्या दिवशी परत येत नाही.

बाकीचे शिक्षक वाईट नाहीत हो, पण म्हणतात, चार महिन्यांचे पाहुणे आहेत, जेवढं वाचन सुधारेल तेवढं सुधारा, जीव कशाला लावता, जाणारच आहेत. मला हे पटत नाही. पण नेमकं काय करायचं हेही कळत नाही. कुणी असं काही केलंय का?

---

बालाघाट | ९ डिसेंबर, रात्री १०:२५

ताई, तुमच्याकडं आलेली ही पोरं आमचीच आहेत. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळीला मुकादमाच्या गाड्या लागल्या की आमचा वर्ग निम्मा रिकामा होतो. काही पोरं आजी-आजोबांकडं राहत्यात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालवतो, दोन वेळचं जेवण असतं. पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूसच नाही, नाहीतर धाकटं सांभाळायला कुणी नाही, ती जात्यात. मुली जास्त जात्यात, कारण तुम्ही लिहिलंयच, कडेवर भाऊ.

आमच्याकडं एक केलंय ते सांगतो. गेलेल्या पोरांची नावं मी हजेरीत रोज पुकारतो. वहीत गैरहजेरी पडते ती पडूद्या. नाव पुकारलं की वर्गातली बाकीची पोरं त्याच्या वतीनं सांगत्यात, "कारखान्याला गेलाय", "कर्नाटकात गेलाय", "तिच्या मायचा फोन आलता, बरी हाय". सुरुवातीला मलाच वाटलं कशाला वेळ घालवायचा. पण एप्रिलात पोरगं परत आलं आणि पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी म्हणलं, आरं तुझं नाव रोज घेत होते सर. तेव्हा त्याचं तोंड बघितलं आणि मग बंद केलं नाही.

आणि शिक्षण हमी कार्ड विचारा त्यांना. आम्ही जाताना देतो, त्यावर पोरगं कुठपर्यंत आलंय ते लिहिलेलं असतं. कोपीत पत्र्याच्या पेटीत तळाला असतंय बऱ्याचदा, आईला विचारा, पोराला माहीत नसतं.

---

कायदेवाचक | ९ डिसेंबर, रात्री ११:०२

नावाच्या बाबतीत मनात शंका ठेवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, कलम ५ वाचा. दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊच शकत नाही. कलम ४ नुसार वयाप्रमाणे वर्ग द्यायचा. ऑनलाइनचं काय ते केंद्रप्रमुखांशी बोलून घ्या, पण तुमच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहायला तुम्हाला कोण अडवतंय?

---

दोन_एकर | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

मी पालक म्हणून लिहितो, राग मानू नका. माझा मुलगा अशाच शाळेत तिसरीला आहे आणि माझाही ऊस हीच माणसं तोडतात, त्यामुळं त्यांच्याबद्दल वाकडं काही नाही. पण डिसेंबरपासून बाईंचं निम्मं लक्ष नवीन पोरांत जातं हे खरं आहे. मागच्या वर्षी पोराच्या डोक्यात उवा झाल्या, बायको म्हणाली जागा बदलायला सांगा, मी जाऊन सांगून आलो. आता हा धागा वाचून ते टोचायला लागलंय, पण माझी काळजी खोटी नव्हती. आमच्या पोरांचं काय, हे पण कुणीतरी बोला.

---

पट्ट्यापहाड | १० डिसेंबर, दुपारी १:५०

मी त्या दाराजवळच्या जागेवर बसलोय. आज वय ४१, पुण्यात नोकरी करतो, हे कुठं लिहीन असं कधी वाटलं नव्हतं पण पहिली पोस्ट वाचली आणि जेवायच्या सुट्टीत फोनवरच लिहायला बसलोय.

पहिली ते पाचवीत मी चार कारखाने बघितले. बाप आणि आई मिळून एक कोयता, म्हणजे मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको दोघं मिळून एक, माणसं दोन आणि नाव कोयता. त्यामुळं शाळेत पोरं कोयता म्हणायची तेव्हा मला ती शिवी आहे हेच माहीत नव्हतं, वाटायचं बापाला जे म्हणतात तेच मला म्हणतात. ती ओ देतात असं बाईंनी लिहिलंय ना, त्याचं कारण हे असू शकतं.

एका शाळेत मला चार महिने कुणी काहीच विचारलं नाही. मारलं नाही, ओरडलं नाही, काहीच नाही. फळ्याकडं बघायचो आणि घरी यायचो. त्या शाळेतल्या एकाचंही नाव आज आठवत नाही. मारकुट्या शाळेपेक्षा ही शाळा वाईट होती असं मी आज पण म्हणेन.

दुसऱ्या एका शाळेत गुरुजी होते, म्हातारे, रिटायरला आलेले. त्यांनी मला वेगळं काही शिकवलं असं नाही. पण पहिल्या आठवड्यात विचारलं, तुला काय येतं? मी म्हणालो काहीच नाही. म्हणाले असं कसं, बैलाला पाणी कोण दाखवतं? मी म्हणालो मी. गाडी जुंपायला येते? येते. मोळी किती किलोची? सांगितली. मग म्हणाले, उठ, फळ्यावर लिही, एक मोळी २५ किलोची धरली तर टनाला किती मोळ्या? मला भागाकार येत नव्हता पण उत्तर येत होतं, ४०. बाप रोज रात्री करायचा ना हा हिशोब. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना भागाकार येत होता पण उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघंजण येऊन बसले माझ्याशेजारी, बैलांची नावं काय म्हणून विचारायला.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. मार्चमध्ये निघताना मी वही घेऊन जायला लागलो तर गुरुजी म्हणाले, ठेव इथं, निम्मी कोरी आहे. मला वाटलं वही काढून घेतली. राग आला. पुढच्या नोव्हेंबरात योगायोगानं तोच कारखाना लागला, मी शाळेत गेलो, वर्ग पुढचा, बाई वेगळ्या, पण गुरुजी होते. त्यांनी मला बघितलं, कपाट उघडलं आणि माझी वही काढून दिली. कव्हरवर माझं नाव. आत शेवटी मार्चमधला माझा अर्धा राहिलेला गुणाकार.

मी तेव्हा काही बोललो नाही, पोरगं काय बोलणार. पण आठ महिने त्या कपाटात आपली काहीतरी वस्तू होती, गावी असताना, पावसाळ्यात, आपल्याला माहीत नसताना, हे डोक्यातून गेलंच नाही. मी सहावीत हट्ट करून आजीकडं थांबलो आणि शाळा सोडली नाही, त्याची कारणं अजून बरीच आहेत, पण त्यातलं एक ही वही आहे.

म्हणून जाणारच आहेत तर जीव का लावायचा, याचं उत्तर माझ्याकडून एवढंच. पोरगं जातं, पण जागा ठेवता येते.

---

बालाघाट | १० डिसेंबर, दुपारी २:३०

दादा, तुमची पोस्ट आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू का? नाव नाही लिहिणार.

---

पट्ट्यापहाड | १० डिसेंबर, दुपारी २:३४

टाका की.

---

रेघोट्या | १० डिसेंबर, सायंकाळी ६:२०

वरच्या पोस्टनंतर लिहायला जड जातंय तरी वर्गातल्या चार गोष्टी लिहिते, १४ वर्षं बहुवर्ग शिकवतेय.

नवीन पोराला पहिल्या दिवशी फळ्यापुढं उभं करून "तुझी ओळख सांग" म्हणू नका. आपण प्रेमानं करतो, पण त्या वेळी ३० डोळ्यांच्या जोड्या त्याच्या कपड्यांवर असतात. ओळख कामातून होऊ दे. पाण्याचा पिंप भरायचा, तक्ता लावायचा, घंटा द्यायची, असलं काम आधी द्या, बाकीचे आपोआप विचारतात तुझं नाव काय.

जोडीदार देताना वर्गातलं सगळ्यात हुशार पोर देऊ नका. ते शिकवायला लागतं आणि दुसरं लाजायला लागतं. मी नेहमी असं पोर बघते जे स्वतः कधीतरी एकटं पडलेलं आहे. त्याला न सांगता कळतं कधी बोलायचं आणि कधी नुसतं शेजारी बसायचं.

आणि जागा. दर सोमवारी सगळ्या वर्गाच्या जागा बदलायच्या, चिठ्ठ्या टाकून. फक्त त्या सात पोरांना उचलून मधे बसवलंत तर सगळ्यांना कळतं की हे बाईंनी मुद्दाम केलं, आणि मधल्या सुट्टीत त्याचा वचपा निघतो.

दोन_एकर दादा, उवांचं म्हणाल तर उवा सगळ्यांच्याच पोरांना होतात. माझ्या पोरीला शहरातल्या इंग्लिश मिडियममधून आल्या होत्या. शनिवारी फणी आणि तेल सगळ्या वर्गाला, कुणाचंही नाव न घेता, हाच उपाय. आणि आपल्या पोराचं मागं पडण्याबद्दल बोलायचं तर ज्या वर्गात एखाद्याला "ए कोयता" म्हटलेलं चालतं, तिथं उद्या तोतऱ्या पोराला, जाड पोराला, नापास पोराला पण काहीतरी म्हटलेलं चालतं. माझ्या वर्गात जी पोरं चुकायला घाबरतात ना, ती बहुतेक स्थानिकच असतात. कुणी हसणार नाही असं वाटलं की सगळीच पोरं हात वर करायला लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

स्टुटगार्टकर | १० डिसेंबर, रात्री ११:४८

जर्मनीहून लिहितेय. आमचा मुलगा ९ वर्षांचा असताना वर्षाच्या मधेच इथल्या शाळेत घातला, भाषा शून्य. इथं नवीन आलेल्या परदेशी मुलांसाठी भाषेचे तयारी-वर्ग असतात, शिकवतात छान. पण तो शाळेत जायला खऱ्या अर्थानं तयार कधी झाला, तर रोज दोन तास त्याला नेहमीच्या वर्गात चित्रकला आणि खेळाला बसवायला लागले तेव्हा. तिथं एक तुर्की मुलगा मिळाला, दोघांनाही जर्मन धड येत नव्हतं. आमची परिस्थिती आणि ऊसतोडीची परिस्थिती यांची तुलनाच होऊ शकत नाही, आम्ही हौसेनं आलो, पण दाराजवळची जागा म्हणजे काय ते तिथं कळलं. त्याच्या शिक्षिकेनं त्याचं नाव नीट म्हणता यावं म्हणून माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं, तेवढ्यावर मी घरी येऊन रडले होते.

---

जांभूळपाडा | ११ डिसेंबर, सकाळी १०:०५

मी पालघरकडची, बालवाडीची निवृत्त ताई. कडेवरच्या भावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

हा प्रश्न जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. आदिवासी पोरं शाळेत येईनात कारण मोठ्या पोरी धाकट्यांना सांभाळायच्या आणि मुलगे गुरांमागं. तर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. गुरं चरतात तिथं कुरणशाळा नेली. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणायचे त्याला, म्हणजे पोरगी भावाला घेऊन आली तरी भाऊ शेजारी आणि ती वर्गात.

तेव्हा बाई, तो भाऊ वर्गात येऊ दे. एका कोपऱ्यात सतरंजी, चार डबे, लाकडी ठोकळे. रडला तर कोणीही उचलेल, एकट्या तिनंच का उचलायचं? जवळ अंगणवाडी असेल तर तिथल्या ताईंना भेटा. तुमची चौथीची पोरं आठ दिवसांत त्याच्यासाठी भांडतील बघा. आणि एकदा संध्याकाळी माळावर जाऊन या, तक्रार घेऊन नाही, नुसतं बसायला.

---

सज्जनगड | ११ डिसेंबर, दुपारी १२:३०

सातारचा धागा आणि कर्मवीर अण्णांचं नाव नाही असं कसं. १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एकाच चुलीवरचं जेवण, कामं पण वाटून. त्या काळात. आधी एकत्र जेवायला बसवलं, बरोबरीचं भाषण नंतर. खडूफळा ताई, खिचडीची रांग आधी मोडा. गोल बसवा.

---

खडूफळा | २० डिसेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही, काय केलं ते लिहिते.

नवीन हजेरीवही आणली. तीस नावं, आडनावाच्या अक्षराप्रमाणे, मधेमधे मिसळून. केंद्रप्रमुखांना सांगितलं, ते म्हणाले नोंद ठेवा, आहाराच्या नोंदीतही दाखवा. इतकं सोपं होतं आणि मी महिना घालवला. पहिल्या दिवशी त्या पोरीचं नाव नवव्या नंबरला आलं, तिला इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं, ती हजर म्हणायचीच राहिली. दुसऱ्यांदा पुकारलं.

"ए कोयता"चं काय करावं सुचत नव्हतं. ओरडले असते तर बाहेर चालू राहिलं असतं. मग एक दिवस एका पोराच्या वडिलांना वर्गात बोलावलं, पावसामुळं तोड बंद होती, ते खरा कोयता घेऊनच आले. ऊस बुडाशी कुठं तोडायचा, पाचट कसं काढायचं, वाढं, म्हणजे गुरांना घालायचा उसाचा हिरवा शेंडा, कशाला ठेवतात, मोळी बांधायला दोरी कशाची, सगळं दाखवलं. आमच्या पोरांनी मोळी उचलून बघितली, दोघांना मिळून उचलेना. त्यांनी सांगितलं की बायका ही डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. वर्ग गप्प. हाक पूर्ण थांबली असं नाही म्हणणार, पण कमी झाली, आणि परवा एकानं म्हटलं तर आमच्याच एका पोरीनं त्याला नाव घ्यायला लावलं.

भावाला सतरंजी दिली. जांभूळपाडा ताई म्हणाल्या तसंच झालं, तोच आता वर्गाचा लाडका आहे, फक्त खडू खातो.

खिचडीला गोल बसवलं तर पहिले तीन दिवस गोलातही दोन तुकडे पडले. चौथ्या दिवसापासून वाढायचं काम मिसळून दिलं, तेव्हा जमलं.

जे जमलं नाही तेही लिहिते. सातातला एक मोठा मुलगा, वय बाराचं, आठवड्यातून दोन दिवस येतो, बाकी वाढं विकायला जातो. त्याला चौथीत बसायची लाज वाटते. त्याच्यासाठी माझ्याकडं अजून काही नाही. शिक्षण हमी कार्ड सातांपैकी तिघांचीच सापडली, बालाघाट सर, खरंच पेटीच्या तळाला होती.

---

दोन_एकर | २१ डिसेंबर, सकाळी ६:५०

त्या मोठ्या पोराला वाढं विकल्याचा हिशोब वहीत लिहायला सांगून बघा. शाळेची वही नको, खिशातली छोटी. माझ्याकडं वाढं घ्यायला येणाऱ्या पोराला मी कालपासून लिहायला लावलंय. आणि मी शाळेत जाऊन मागच्या वर्षीचं बोलणं परत घेऊन आलो. मुलगा म्हणाला, बाबा, मी तर कधीच जागा बदलली नव्हती.

---

खडूफळा | २९ मार्च, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. पट्टा पडला, परवा गाड्या भरल्या.

पट्ट्यापहाड दादांच्या गुरुजींसारखं मी कपाटात एक खण रिकामा केला होता, सातजणांच्या वह्या ठेवायला. पाचजणांनी ठेवल्या. मोठा मुलगा जानेवारीतच यायचा थांबला, त्याची वही माझ्याकडं तशीच आहे, खिशातला हिशोब मात्र त्यानं महिनाभर लिहिला होता, एकदा आणून दाखवला.

आणि त्या पोरीनं वही ठेवली नाही. म्हणाली, "बाई, पुढल्या साली कोन्ता कारखाना ते मुकादम ठरवतो. इथं न्हाई आलो तर?" माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. तिचंच बरोबर होतं. मग दोघी बसलो आणि तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पुढं जो कोणी शिक्षक असेल त्याच्यासाठी लिहिलं : जोडाक्षरं वाचते, हातच्याची वजाबाकी येते, भागाकार चालू आहे, धाकटा भाऊ बरोबर असेल तर त्याला आत घ्या. शेवटचं वाक्य तिनं सांगितलं म्हणून लिहिलं.

हजेरीवहीत तिचं नाव नवव्या नंबरला आहे. वर्ष संपेपर्यंत पुकारणार आहे.

---

बालाघाट | ४ एप्रिल, सायंकाळी ५:४०

ताई, आमची १४ परत आली या आठवड्यात. तुमच्याकडची यातली कुणी नाही, विचारून बघितलं. पण सांगलीकडून आलेल्या एका पोराच्या वहीत शेवटी पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, कुठल्या गुरुजींनी की बाईंनी ते माहीत नाही, सही नाही : "सातचा पाढा झाला, आठचा राहिला." आज आठचा घेतला.